मेळाव्यातल्या भेळेचा खरा नफा किती? नववी-दहावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवताना

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत अर्थशास्त्राचं वेगळं पुस्तक नसतं. २०१७ आणि २०१८ साली आलेल्या पुस्तकांत हा विषय मुख्यतः दोन ठिकाणी विखुरलेला आहे. नववीच्या भूगोलात ‘अर्थशास्त्राशी परिचय’ आणि ‘व्यापार’ हे पाठ आहेत. गणित भाग १ मध्ये नववीला आणि दहावीला ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. त्यात नववीला बचत, गुंतवणूक आणि आयकर येतो, दहावीला जीएसटी आणि शेअर्स. भूगोलाचे सर एक शिकवतात, गणिताच्या बाई दुसरं. हे दोन्ही एकाच विषयाचे तुकडे आहेत हे मुलांना कोणी सांगत नाही.

अकरावीला वाणिज्य किंवा कला शाखा घेतली तर हा विषय पुन्हा भेटतो. विज्ञान, आयटीआय किंवा डिप्लोमाकडे गेलेल्यांचं अर्थशास्त्र बहुधा इथेच संपतं. तीच मुलं पुढे कर्ज काढतात, शेती बघतात, गॅरेज टाकतात, पतसंस्थेत पैसे ठेवतात. म्हणून नववी-दहावीची दोन वर्षं मला फार मोलाची वाटतात. शिक्षकांच्या हातात तास थोडे आहेत, तेव्हा सुरुवात कुठून करायची हे नीट ठरवायला हवं.

बहुतेक वर्गांत सुरुवात व्याख्येपासून होते. लायोनेल रॉबिन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९३२ मध्ये केलेली व्याख्या प्रसिद्ध आहे. गरजा अनेक, त्या भागवण्याची साधनं मर्यादित, आणि त्या साधनांना पर्यायी उपयोग असतात. यातून माणूस जी निवड करतो तिचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. व्याख्या उत्तम आहे, पण चौदा वर्षांचं मूल ती पाठ करतं आणि ‘पर्यायी उपयोग’ या दोन शब्दांवरून घसरून पुढे जातं. खरं तर सगळा विषय त्या दोन शब्दांत आहे. ते समजायचे असतील तर सुरुवात खर्चापासून करावी, आणि खर्च शिकवायला लागणारं साहित्य शाळेत दरवर्षी आपोआप तयार होतं.

आनंद मेळाव्याचा दुसरा दिवस

जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि इतरही बऱ्याच शाळांत वर्षातून एकदा बालआनंद मेळावा भरतो. मुलं घरून मेथी-पालकाच्या जुड्या आणतात, भेळ, वडापाव, सरबताचे स्टॉल लावतात. पालक येतात, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य येतात. संध्याकाळी मुलं पैसे मोजतात, “आम्हाला इतका नफा झाला” म्हणून सांगतात, फोटो निघतो आणि मेळावा संपतो. शिकवण्याची खरी संधी दुसऱ्या दिवशी सकाळी असते, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी हातची जाते.

समजा, तीन मुलींनी भेळेचा स्टॉल लावला. चुरमुरे, फरसाण, शेव आणि कागदी डिश असा माल त्यांनी विकत आणला. प्लेटमागे ५ रुपये पडले. १० रुपयांना एक याप्रमाणे ६० प्लेट विकल्या. गल्ल्यात आले ६०० रुपये. माल ३०० रुपयांचा, म्हणून मुली म्हणतात, नफा ३०० रुपये.

आता शिक्षकांनी पहिला प्रश्न विचारायचा: फलक रंगवायला आणि सामान रिक्षाने आणायला किती गेले? १५० रुपये. हा खर्च एक प्लेट विकली तरी तेवढाच, शंभर विकल्या तरी तेवढाच. याला स्थिर खर्च म्हणतात. चुरमुऱ्यांचा खर्च प्लेटमागे वाढतो, तो बदलता खर्च. नफा आता १५० वर आला. इथेच फळ्यावर आणखी एक हिशेब मांडता येतो. प्लेटमागे १० रुपये येतात, ५ मालात जातात, उरलेल्या ५ रुपयांनी आधी ते १५० भरून काढायचे. म्हणजे पहिल्या ३० प्लेट फक्त खर्च भागवण्यासाठी. एकतिसाव्या प्लेटपासून कमाई सुरू. धंद्याच्या भाषेत हा ना-नफा-ना-तोटा बिंदू. मुलांनी तो स्वतः काढला की चहाच्या टपरीपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे तोच हिशेब त्यांना दिसू लागतो.

दुसरा प्रश्न: कांदा, कोथिंबीर, चिंच-गुळाची चटणी, गॅस? हे सगळं घरचं. मुली म्हणतील, त्याला पैसे पडले नाहीत. आईला पडले. बाजारभावाने धरलं तर ८० रुपये. नफा उरला ७० रुपये. आणि प्लेटमागचा खर्च सव्वासहाच्या थोडा वर गेल्यामुळे खर्च भागायला आता ३० नव्हे, ४१ प्लेट विकाव्या लागतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो विचारताना घाई करू नये. काम कोणी केलं? तिघींनी चार-चार तास, म्हणजे बारा तास. आईने आदल्या रात्री आणि सकाळी मिळून दोन तास. एकूण चौदा तास. ७० भागिले १४. तासाला ५ रुपये.

वर्ग इथे गप्प होतो. त्या शांततेत मुलांना नाउमेद न करता पुढचं सांगायचं. मेळावा शिकण्यासाठी होता, मजेसाठी होता, तिथे तासाला ५ रुपये मिळाले तरी काही बिघडत नाही. पण उद्या कोणी हाच स्टॉल रोजचा धंदा म्हणून लावणार असेल, तर त्याला हा आकडा आधी माहीत हवा. तो समोर आला की मुलं आपणहून पर्याय सुचवतात. किंमत १२ करू, माल ठोक दराने आणू, दोघींत काम होईल. ही व्यवसायनियोजनाची पहिली पायरी झाली आणि कोणीही व्याख्या पाठ केली नाही.

मग ‘पर्यायी उपयोग’ आणायचा. आईने त्या दोन तासांत दुसरं काय केलं असतं? कुणाची आई ब्लाउज शिवते, कुणाची मजुरीला जाते, कुणाची त्या वेळात जरा विसावली असती. एक निवडलं की दुसरं सुटतं. सुटलेल्या पर्यायांत जो सर्वांत चांगला, त्याचं मोल म्हणजे आपल्या निवडीचा संधी खर्च. तो पाकिटातून जात नाही, म्हणून हिशेबाच्या वहीत दिसत नाही. भारताच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. बिनमोबदल्याच्या घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं आढळलं, आणि असे पुरुष ९७ मिनिटं. पाच तासांच्या आसपासचं हे रोजचं काम देशाच्या उत्पन्नाच्या आकड्यात धरलं जात नाही. दहावीच्या मुलाला हे कळणं मी कुठल्याही सूत्रापेक्षा मोठं मानते.

मेळाव्यातली एक गोष्ट मात्र हिशेबातून वगळावी. पाहुण्यांनी कौतुकाने दहाची मेथी शंभराला घेतली, ती विक्री नव्हे, बक्षीस आहे. मुलांनी ते वेगळ्या ओळीत लिहावं. नाहीतर किंमत आपण म्हणू ती मिळते असा समज होतो आणि पुढे तो महागात पडतो.

हाच हिशेब शेतात

भेळेचा हिशेब समजलेल्या वर्गाला शेतीच्या हमीभावाचा वाद समजायला एक तास पुरतो, आणि हा वाद मोठ्या माणसांनाही बहुतेकदा कळलेला नसतो.

केंद्राचा कृषी खर्च आणि मूल्य आयोग पिकांचा उत्पादनखर्च वेगवेगळ्या पद्धतीने काढतो. ‘ए२’ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च: बियाणं, खत, फवारणी, मजुरी, डिझेल, जमीन कसायला घेतली असेल तर तिचा खंड. मुलींनी विकत आणलेल्या चुरमुऱ्यांसारखा. ‘एफएल’ म्हणजे घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाचं मोल. म्हणजे त्या चौदा तासांचे पैसे. ‘सी२’ त्याहून पुढे जातो. स्वतःची जमीन दुसऱ्याला दिली असती तर मिळालं असतं ते भाडं आणि स्वतःचं भांडवल गुंतलं त्यावरचं व्याजही तो मोजतो. पुन्हा तोच संधी खर्च.

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने उत्पादनखर्चाच्या किमान ५० टक्के वर हमीभाव असावा अशी शिफारस केली होती. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात केंद्राने दीडपट भावाचं धोरण जाहीर केलं, आणि त्यासाठी ए२ अधिक एफएल हा खर्च धरला. उदाहरणार्थ २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा असा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला गेला आणि हमीभाव ४,८९२ ठरला. शेतकरी संघटनांचं म्हणणं असं की दीडपट काढायची तर सी२ वर काढा. आता वर्गात दोन गट करून वाद घालू द्यावा. स्वतःच्या जमिनीचं भाडं खर्चात धरावं का? धरलं तर भाव वाढेल, मग तेलाची किंमत कोण देणार? सरकारने खरेदीच केली नाही तर जाहीर भावाचा उपयोग काय? शिक्षकांनी इथे आपलं मत सांगू नये. मुलांनी आपण कुठला खर्च धरला हे नाव घेऊन सांगितलं पाहिजे, एवढा आग्रह धरावा.

भाव कोण ठरवतं?

हा प्रश्न विचारला की वर्गातून एकच उत्तर येतं: व्यापारी. चिडून दिलेलं, आणि घरी ऐकलेलं. त्यात काही तथ्य असतंही. पण तेवढ्यावर थांबलं तर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा मुलांसाठी फक्त परीक्षेतली आकृती राहतात.

यावर सुमारे सत्तर वर्षं जुना आणि पारखलेला उपाय आहे. व्हर्नन स्मिथ या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९५६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात आपल्या विद्यार्थ्यांना वर्गातच बाजार भरवायला लावला. अशा प्रयोगांच्या कामासाठी २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तोच खेळ आपल्या वर्गात कागदाच्या वीस चिठ्ठ्यांवर होतो.

दहा मुलं विकणारी. त्यांच्या चिठ्ठ्यांवर ५, १०, १५ असे ५० पर्यंत आकडे. हा त्यांचा खर्च, याखाली विकायचं नाही. दहा मुलं घेणारी. त्यांच्या चिठ्ठ्यांवरही ५ पासून ५० पर्यंतचे आकडे. ही त्यांची कमाल तयारी, यावर जायचं नाही. आपली चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही. प्रत्येकाने एकच वस्तू घ्यायची किंवा विकायची. फिरा, घासाघीस करा, सौदा झाला की भाव फळ्यावर लिहा. पहिल्या फेरीत कुठे १५, कुठे ४० असे वाटेल ते भाव लागतात. त्याच चिठ्ठ्या ठेवून तीन-चार फेऱ्या झाल्या की भाव २५ ते ३० च्या मध्ये गोळा होऊ लागतात आणि फेरीत पाचेक सौदे होतात. हा भाव कोणी ठरवला? वर्गात कोणालाच तो ठाऊक नव्हता. तरी तो आला, कारण महाग मागणाऱ्याला सोडून गिऱ्हाईक शेजारी गेलं आणि स्वस्तात मागणाऱ्याला विक्रेत्याने उभं केलं नाही.

आता सांगायचं, गारपीट झाली. १०, १५ आणि २० च्या चिठ्ठ्यांवाले तीन विक्रेते खाली बसवायचे. पुन्हा बाजार. भाव ३५ च्या आसपास चढतो. उरलेल्या विक्रेत्यांना जास्त मिळतं, ज्यांचं पीक गेलं त्यांना काहीच नाही, आणि ३० रुपयांची तयारी असलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परततं. ‘भाव वाढला की शेतकऱ्याचा फायदा’ हे वाक्य किती अर्धवट आहे ते मुलं स्वतः पाहतात. व्यापाऱ्यांविषयीची शंकाही इथेच तपासता येते. सगळ्या घेणाऱ्यांना एका कोपऱ्यात नेऊन “२० च्या वर कोणी जायचं नाही” असं ठरवू द्या आणि पुन्हा बाजार भरवा. संगनमत टिकलं तर भाव पडतो. बहुतेकदा एखादं मूल वस्तू मिळावी म्हणून २२ बोलतं आणि करार फुटतो. पण घेणारे दहाऐवजी दोनच ठेवले तर करार टिकणं फार सोपं होतं. बाजार समितीत लिलावाला किती व्यापारी उभे आहेत याला महत्त्व का, हे यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या पायावर कांदा शिकवावा. नाशिक जिल्ह्यातलं लासलगाव ही देशातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी एक. उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो, कांदाचाळीत साठवला जातो आणि पावसाळा संपेपर्यंत तोच पुरवावा लागतो. कांदा महाग झाला म्हणून फोडणी फारशी थांबत नाही. लोक थोडा कमी घेतात, पण घेतात. किमतीत मोठा फरक पडूनही मागणी फारशी हलत नाही, याला अलवचिक मागणी म्हणतात. अशा मालाचा पुरवठा थोडा घटला तरी भाव उसळतो, आणि थोडा वाढला तरी कोसळतो. त्यात भर पडते वेळेच्या अंतराची. यंदा भाव चांगला म्हणून सगळे लागवड वाढवतात, माल येतो तेव्हा सगळ्यांचा एकदम येतो, भाव पडतो. पुढच्या वर्षी लागवड घटते आणि चक्र पुन्हा फिरतं. कोणी मूर्ख नसतं. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागत असतो, तरी सगळ्यांचं मिळून नुकसान होतं.

सरकारचा हातही दाखवावा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती किमान निर्यात मूल्य (याहून कमी भावाने माल बाहेर पाठवायचा नाही) आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर उठली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न: याने घेणारे वाढले की कमी झाले, आणि त्याचा भार कोणावर पडला? चिठ्ठ्यांचा बाजार खेळलेलं मूल याचं उत्तर देतं.

व्याजाचं सूत्र येतं, व्याज येत नाही

मुद्दल गुणिले मुदत गुणिले दर भागिले शंभर. हे सूत्र मुलांना झोपेतही येतं. पण गावात “शेकडा तीन” म्हणतात तेव्हा ते महिन्याचे असतात आणि वर्षाला ३६ टक्के होतात, हे त्याच मुलाला सुचत नाही, कारण गणितात दर नेहमी ‘द.सा.द.शे.’ असा तयार दिलेला असतो. व्याज थकून मुद्दलात मिसळत गेलं तर १०,००० रुपयांचे वर्षाअखेर १४,२५८ होतात, म्हणजे जवळपास ४३ टक्के. बारा ओळींचं कोष्टक मुलांकडून हाताने भरून घ्यावं. कॅल्क्युलेटर चालेल, पण ओळी गाळू देऊ नयेत.

त्याहून फसवा प्रकार हप्त्यांचा. १२,००० रुपयांचा मोबाइल, बारा हप्ते, व्याज सरसकट १२ टक्के. व्याज झालं १,४४०, हप्ता १,१२० रुपये. बरोबर दिसतं. पण पहिल्या हप्त्यानंतर तुमच्याकडे १२,००० रुपयांचं कर्ज उरलंच कुठे? दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फिटतंय. १२,०००, ११,०००, १०,००० असं करत शेवटच्या महिन्यात १,०००. सरासरी काढा: ६,५००. म्हणजे वर्षभर तुम्ही सरासरी साडेसहा हजार वापरले आणि त्यावर १,४४० रुपये भरले. दर झाला २२ टक्क्यांच्या आसपास. बेरीज, सरासरी, टक्केवारी, सहावी-सातवीचं गणित. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांना एक मुख्य माहितीपत्रक देणं बंधनकारक केलं आहे, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. ते पान मागायचं आणि तोच आकडा आधी वाचायचा, हे प्रत्येक दहावी पास मुलाला माहीत असलंच पाहिजे.

पैसे ठेवण्याबद्दल एकच गोष्ट सांगते, पण महाराष्ट्रात ती जिव्हाळ्याची आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. फलकावरची नावं सारखीच वाटतात, घरातली मोठी माणसंसुद्धा दोन्हींना “बँक” म्हणतात. हा फरक मुलांनी घरी जाऊन सांगावा.

“मग सरकार जास्त नोटा का छापत नाही?”

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि त्याला उडवून लावणं फार चुकीचं आहे. पाच पेनं घ्या, वर्गात शंभर कागदी रुपये वाटा आणि पेनांचा लिलाव करा. भाव लिहून ठेवा. मग तीच पाच पेनं परत घेऊन दोनशे कागदी रुपये वाटा आणि पुन्हा लिलाव. भाव चढतो, पेनं मात्र पाचच राहतात. वस्तू न वाढता पैसा वाढला तर प्रत्येक रुपयाच्या वाट्याला वस्तू कमी येते. १९२३ मध्ये जर्मनीत हेच टोकाला गेलं आणि लोकांची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. भारतात २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला महागाईचा दर ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के खाली-वर, ठेवण्याचं उद्दिष्ट कायद्याने दिलेलं आहे. महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत किमती साधारण दुप्पट होतात. ७२ ला दराने भागलं की वर्षं मिळतात. मुलांना हा आडाखा आवडतो, आणि तो बचतीवरच्या व्याजालाही लागतो.

जीएसटीचं प्रकरण दहावीच्या पुस्तकात आहेच. फक्त दर जपून शिकवावेत: २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी ५ आणि १८ टक्के हे दोनच मुख्य टप्पे उरले, १२ आणि २८ ची उदाहरणं आता जुनी झाली. घरातली बिलं आणायला सांगून त्यावरून गणितं करावीत.

शेअरबाजाराचं काय?

अलीकडे काही शाळांत खोट्या पैशांनी शेअर खरेदी-विक्रीची स्पर्धा घेतात, दोन-तीन आठवड्यांत ज्याचे पैसे जास्त वाढले तो जिंकतो. मी याच्या ठाम विरोधात आहे. एवढ्या थोड्या दिवसांत कंपनीचा धंदा कसा चालतो हे कळत नाही; नशिबाने जिंकलेल्या मुलाला मात्र आपल्याला हे जमतं असं वाटू लागतं. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर्सच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं. त्या रांगेत आपण आणखी मुलं उभी करू नयेत. शेअर म्हणजे काय हे शिकवायचं तर भेळेच्या स्टॉलकडे जावं. तिघींनी भांडवलात वेगवेगळी भर घातली असेल, कोणी २००, कोणी १००, तर नफा कसा वाटायचा? काम सगळ्यांनी सारखं केलं असेल तर? तोटा झाला तर? मालकीचा हिस्सा, लाभांश (हिश्श्यानुसार मिळणारा नफ्याचा वाटा) आणि मजुरी यांतला फरक या तीन प्रश्नांत आहे.

एक काळजी सर्वांनी घ्यावी. हे सगळं शिकवताना मुलांच्या घरच्या उत्पन्नाची, कर्जाची चौकशी वर्गात करू नये. “तुमच्या घरी महिन्याला किती येतात?” या प्रश्नाने कुणाचं तरी मूल मान खाली घालतं. काल्पनिक कुटुंब घ्यावं, त्याला आकडे द्यावेत, आणि ज्याला आपल्या घरचं ताडून बघायचं आहे त्याने ते घरीच बघावं.

राहिली परीक्षा. ‘संधी खर्च म्हणजे काय?’ यावर दोन गुण देणारा प्रश्न पाठांतर मोजतो. त्याऐवजी असा प्रश्न पाच गुणांना द्यावा: ‘एका कुटुंबाकडे गावात रस्त्यालगत स्वतःचा गाळा आहे. तिथे त्यांनी किराणा दुकान काढलं असून सगळे खर्च जाऊन महिन्याला ९,००० रुपये उरतात. दुकानात आई आणि मुलगा दोघं पूर्णवेळ बसतात. शेजारचा तसाच गाळा ४,००० रुपये भाड्याने गेला आहे. हे दुकान फायद्यात आहे का? दुकान चालू ठेवावं का?’ भाड्याचे ४,००० ओळखले तर एक गुण, दोघांच्या श्रमाचं मोल धरलं तर एक, उरलेल्या रकमेची दोघांत विभागणी करून ती गावातल्या मजुरीशी ताडून पाहिली तर एक. उरलेले दोन गुण निर्णयाच्या कारणांना. दुकान बंद करावं असं लिहिणाऱ्याला आणि चालू ठेवावं असं लिहिणाऱ्याला, दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकतात. आईला घराजवळ दुसरं काम मिळत नसेल तर तिच्या वेळेचा संधी खर्च कमी ठरतो आणि उत्तर बदलतं, हे ज्याने लिहिलं त्याचा पेपर पुढच्या तासाला वर्गात वाचून दाखवावा.